पावणे दोन

मंगळावरच्या तळावर आज दोघंच होती, शलाका आणि टिकू नावाचा रोबो. शलाकाची आजी दगडांचे नमुने आणायला गेली होती आणि तिला केव्हाचा उशीर झाला होता. शलाका खिडकी ते दार, दार ते खिडकी नुसत्या येरझाऱ्या घालत होती.

रेडिओ खरखरला. "शलाका, गाडीचं चाक वाकलंय बघ. तळ अजून अठरा किलोमीटर आहे. ताशी सहाच्या वर वेग जाईना. पण मी थांबत नाही, येतेच आहे. हवा मात्र..." पुन्हा खरखर. "...पावणेदोन..." आणि रेडिओ बंद पडला.

टिकू लगेच कपाटातून दोन कप काढू लागला.

"अरे, हे काय?"

"पावणे दोन. दोन पाहुणे येत आहेत."

आजी मूळची कोल्हापूरची. पाहुण्यांना ती 'पावणे' म्हणायची, आणि टिकू मराठी शिकला होता तो तिच्याकडूनच!

"शहाणाच आहेस! पावणेदोन म्हणजे दोनला पाव कमी. आजीकडे पावणेदोन तासांचीच हवा उरलीय!"

बोलता बोलता शलाका बोटांवर हिशेब करू लागली. ताशी सहा (म्हणजे दर तासाला सहा किलोमीटर) या वेगानं अठरा किलोमीटरला तीन तास लागणार. हवा तर दोन तासही पुरणार नाही.

"टिकू, हवेची टाकी घे आणि पळ! तुझा वेग किती?"

"ताशी बारा. पण जाता-येता छत्तीस किलोमीटर होतात. माझी बॅटरी तीसच किलोमीटर चालते. मी वाटेत बंद पडेन."

शलाका रडायच्या बेतात होती. एकदम ती थबकली.

"पण आजी काय तिथेच बसून राहणार आहे? तीही येतेय ना! तासाभरात तू बारा जाशील, ती सहा येईल. बारा आणि सहा?"

"अठरा."

"म्हणजे तासाभरात भेटाल! तुमच्या वेगांचं गुणोत्तर (एक वेग दुसऱ्याच्या किती पट, ते) दोनास एक. ती एक किलोमीटर येते तेवढ्यात तू दोन जातोस. अठराचे तीन सारखे भाग कर. दोन तुझे, एक तिचा. तुला बाराच किलोमीटर जायचंय!"

"जाता-येता चोवीस. बॅटरी पुरेल," म्हणत टिकूनं टाकी उचलली आणि धूम ठोकली.

मग वेळ काही सरेना. शलाका तोच हिशेब पुन्हा पुन्हा करत राहिली. दर वेळी उत्तर बरोबर यायचं, तरी जीव थाऱ्यावर येईना. आजीची गाडी बंदच पडली असेल तर? बाहेर नुसती तांबडी धूळ उडत होती. तास उलटला, दुसरा गेला, तिसराही सरत आला.

अखेर दार उघडलं. धुळीनं माखलेली आजी आत आली आणि शलाका तिला घट्ट बिलगली.

"टिकू भेटला तेव्हा पाऊण तासाचीच हवा होती गं," आजी म्हणाली. "आता पुढच्या खेपेला तू चल माझ्याबरोबर. हिशेबाला तुझ्यासारखं कुणीतरी पाहिजे."

मागून टिकू आला. टेबलावरचे कप अजून तसेच होते.

"एक आजी, एक मी," तो म्हणाला. "पावणे दोनच आले की!"