टेकडीपलीकडचा दवाखाना

दार उघडलं आणि रुवैदाच्या काळजात धस्स झालं... दारात जियाद! आई गेल्यावर तिने स्वतःच्या लग्नाचा विचारही मनात येऊ न देता ज्याला वाढवलं, तो तिचा धाकटा भाऊ, दोन वर्षांनी तिच्या रामल्ला शहरातल्या घराची पायरी चढला होता.

मदत करणाऱ्या देशोदेशीच्या माणसांना एका टेबलाशी बसवून कुणी काय कुठे द्यायचं ते जुळवणं, हे रुवैदाचं काम. एकदा दोन देश एकाच गावात दवाखाना बांधायला निघाले, तेही तिच्याच गावात, का तर म्हणे रस्ता चांगला! टेकडीपलीकडच्या वस्तीत मात्र बाळंतिणीला टेकायला खाट नव्हती. तिने एक दवाखाना तिकडे वळवला... नेमका तोच, ज्यासाठी जियादने आपली जमीन देऊ केली होती.

"परक्यांसाठी भावाचं नाक कापलंस! आजपासून मला बहीण नाही!" असं तो भर गावात कडाडला होता. त्यानंतर घरच्या जैतुनाच्या झाडांची फळं दोनदा तोडून झाली, सारं घर त्यासाठी जमलं, पण तिला बोलावणं नव्हतं.

तिने कॉफी आणली. जियादने पेला ओठांना न लावताच खाली ठेवला. त्यांच्या रीतीत मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफी पीत नाही, हे तिला कुणी सांगायला हवं होतं का?

"दवाखान्याचं म्हणशील तर माझं उत्तर तेच आहे," ती म्हणाली.

"ते बदलूच नकोस, ताई!" जियादला हुंदका फुटला. "माझी लेक रनीन गेल्या वर्षी त्याच वस्तीत दिली. परवा पोरगी अडली, त्यात लष्कराच्या नाक्यावर रस्ता बंद... तुझ्या त्या दवाखान्यात सुटली गं! मायलेक सुखरूप आहेत. मी गाढव! मला माफ कर, आणि गुरुवारी जैतून तोडायला घरी चल."

रुवैदाचे डोळे भरून वाहू लागले... किती हलकं वाटलं तिला! साऱ्या जगाची माणसं एकत्र आणणाऱ्या त्या बाईच्या ताटाशेजारी दोन वर्षं स्वतःचा भाऊ नव्हता.

"येईन रे, वेड्या! आण तो पेला, गार झालाय, तापवून देते."

"नको! तेवढ्यात तुझं मन बदललं तर?" म्हणत त्याने ती कडू कॉफी एका घोटात संपवली.

डोळे पुसत रुवैदाने कचेरीत फोन लावला. "गुरुवारची बैठक पुढे ढकला... काय? पाच देशांची माणसं येणार आहेत? मग पाचही देशांना कळवा, रुवैदाला तिच्या भावाने घरी बोलावलंय!"