समाधानच्या टीव्हीचे रंग

तनुजानं खिडकीचे पडदे ओढले, तसं समाधाननं उठून फ्लॅटचं दार सताड उघडलं.

“अहो, उजेड येतोय. मला अंधार लागतो,” ती म्हणाली.

“मला कळतंय. समोरच्या सुंदराबाईंना कोण सांगणार?”

सदाशिव पेठेत एवढं कारण पुरेसं होतं. दार अर्धं लोटायचं ठरलं.

लोकांच्या घरी जाऊन टीव्हीचं चित्र नीट लावून देणं, हे तनुजाचं काम. तिनं स्क्रीनवर रंग मोजायचा मीटर टेकवला, लॅपटॉप मांडीवर घेतला. करडे, लाल, हिरवे चौकोन उमटू लागले. समाधान बाजूला बसून पाहत होता... बराचसा तिच्याकडेच.

“टीव्ही तिकडे आहे,” ती मान न वळवता म्हणाली.

“माहितीये. आकडे वाचताना तुमची एक भुवई वर जाते, ते पाहत होतो.”

तिची बोटं क्षणभर थांबली.

काम झाल्यावर तिनं एका मुलीचा फोटो लावला. आधी जुन्या सेटिंगवर, मग नव्या.

“कुठला खरा वाटतो?”

“दोन्ही... छान आहेत.”

जुन्यात चेहरा उन्हानं भाजल्यासारखा लाल होता. कुणीही सांगितलं असतं. तनुजानं त्याच्याकडे नीट पाहिलं.

“तुम्हाला फरक दिसत नाहीये — हो ना?”

“लाल-हिरव्यात गोंधळ होतो माझा. लहानपणापासून. सहसा सांगत नाही... लोक लगेच रुमाल दाखवून रंग विचारतात.”

तिच्याही ओठांवर तेच आलं होतं. तिनं ते गिळलं.

“मग हे सगळं कशासाठी?”

“बहिणीसाठी. पूर्वानं खडकवासल्याच्या पाखरांवर छोटी फिल्म केलीय. संध्याकाळी आई-बाबांना इथं दाखवणारे. रंगांसाठी फार खपली ती. मला नाही कळले, तरी त्यांना तिच्या मनासारखे दिसावेत.”

लोक तिला क्रिकेटसाठी बोलावत, नाहीतर शेजाऱ्यानं मोठा टीव्ही घेतला म्हणून. असं कुणी बोलावलं नव्हतं.

“आणि... तुम्हाला कसं दिसतं जग?” तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“वाईट नाही. फक्त टोमॅटो नेहमी कच्चे आणतो.”

ती खुदकन हसली. बॅग खांद्याला लावून दारापर्यंत गेली, आणि वळली.

“उद्या सकाळी मी मार्केट यार्डात जातेय. येता? टोमॅटो मी निवडून देईन.”

“हे तुमच्या कामात बसतं?”

“नाही. म्हणून तर विचारतेय.”

“येतो,” तो म्हणाला. मग कुठं पाहावं ते त्याला सुचेना.

“लाल झालेत,” ती हळूच म्हणाली. “कान. तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगितलं.”