कवडीवर लस का चालली नाही?

"लस तीच, टोचली एकाच सकाळी. मग निम्म्या शेळ्यांच्या रक्तात प्रतिपिंडे (रोगजंतूंना जखडून टाकणारी प्रथिने) तयार झाली आणि निम्म्यांच्या नाही, हे कसं काय?"

डॉ. सुलभा खरात पडद्यासमोर पुटपुटल्या. माणदेशातल्या शेळी संशोधन केंद्राच्या त्या प्रमुख. त्यांची भाची केतकी सुट्टीत त्यांच्याकडे आली होती. पलीकडच्या गावात शेळ्यांच्या साथीच्या तापाने थैमान घातलं होतं, आणि लस लागू न पडलेल्या शेळ्यांमध्ये केतकीची लाडकी कवडीही होती.

"पण आत्या, कवडी तर ठणठणीत आहे!"

आत्याने जवळच उभ्या असलेल्या कवडीची पापणी खाली ओढली. आतला भाग लालचुटूक असायला हवा होता. तो फिकट होता.

"या शेळ्या चरतात कुठे?"

केतकी रोज गुराखी यंत्रमानवाबरोबर रानात जायची. तिने पडद्यावरची त्या शेळ्यांची नावं पुन्हा वाचली आणि ती एकदम म्हणाली, "या सगळ्या तळ्याकाठच्या! बाकीच्या माळावर जातात."

"ओलं गवत," आत्या म्हणाली. "जंतांची पिल्लं ओल्या पात्यांवर चढून बसतात."

तिने ज्वारीच्या दाण्याएवढा कॅमेरा पेंडीत घालून कवडीला खाऊ घातला. काही वेळाने पडद्यावर जठराची गुलाबी भिंत दिसली. तिला दोऱ्यासारखे जंत चिकटून रक्त पीत होते. हे परजीवी (दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्यावर जगणारे जीव). कॅमेरा वेगवेगळ्या पेशी वेगवेगळ्या रंगांत दाखवत होता.

"ते नारिंगी ठिपके कसले?"

"इओसिनोफिल (जंतांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी). जिवाणूला पेशी गिळून टाकते. जंत तिच्यापुढे डोंगराएवढा, तो गिळणार कसा? म्हणून पेशी त्याला चिकटून विषारी रसायनं ओततात. जठरही बुळबुळीत स्राव सोडून त्याला निसटवायला बघतं."

पण ठिपके जंतांजवळ येऊन थबकत होते. जंताच्या अंगातून पाझरणारा द्रव कॅमेऱ्याने निळा दाखवला. त्याभोवती हिरवे ठिपके गोळा झाले.

"या नियामक पेशी (लढाई आवरती घेणाऱ्या पेशी). लढाई फार पेटली तर शरीराचीच नासधूस होते, म्हणून हा ब्रेक असतो. जंत नेमका तोच दाबतो. आपलं सैन्य मरत नाही, नुसतं गप्प बसतं. ही सुस्ती रक्तातून अंगभर पसरते. मग लस 'शत्रू आला' म्हणून हाक मारते, आणि कोणी उठतच नाही."

"मग पुन्हा लस टोच ना, आत्ताच!"

"सैन्य पेंगलेलंच आहे, केतकी. आधी जंत जायला हवेत. मग शरीराला सावरायला वेळ द्यायला हवा."

"आणि तेवढ्यात ताप आला तर?"

"येऊही शकतो. तोवर या शेळ्या वेगळ्या ठेवू."

शेळ्यांना जंतनाशक पाजलं. तळ्याकडची वाट बंद झाली. केतकीला कवडी फक्त कुंपणाबाहेरून बघायला मिळायची. हाक मारली की ती कान टवकारायची. पापण्यांना रंग चढल्यावर पुन्हा लस दिली, आणि या वेळी कवडीच्या रक्तात भरपूर प्रतिपिंडे सापडली.

पुढे ताप केंद्रात शिरलाच. एक म्हातारी शेळी दगावली. दुसऱ्यांदा लस देऊनही तिच्या शरीराने साथ दिली नव्हती. केतकी त्या दिवशी जेवली नाही. कवडी मात्र गोठ्यात निवांत रवंथ करत होती.

जाण्याच्या आदल्या दिवशी केतकीला प्रयोगशाळेत शेळ्यांच्या पोटातून निघालेल्या जंतांची बरणी दिसली.

"शी! अजून ठेवलेत तू हे? फेकून दे."

"नको. काही माणसांचं सैन्य स्वतःच्याच आतड्यावर चालून जातं. त्यांना ब्रेकच नीट लागत नाही. जंत सोडतात ती द्रव्यं ओळखता आली, तर त्यांच्यासाठी औषध बनवता येईल कदाचित."

केतकी विचारात पडली. "म्हणजे पोटात जंत नाही, फक्त त्याची युक्ती?"

"तेवढीच. पण त्या निळ्या द्रवात शेकडो द्रव्यं आहेत. कामाचं कोणतं, ते अजून कोणालाच नीट माहीत नाही."

केतकीने स्टूल ओढलं आणि बरणी जवळ घेतली.

"पहिलं कोणतं बघायचं, आत्या?"