राखीव यादी

सायकलच्या पडद्यावर नाडीचा आकडा एकशे बावन्नवर गेला, तेव्हा हेमांगी बेडगेच्या पोटात चौदा तास अन्नाचा कण नव्हता.

"अजून चाळीस सेकंद. पाय सोडायचे नाहीत," परवीनताई म्हणाल्या. मिरजेच्या या चयापचय प्रयोगशाळेत बायकांकडून व्यायाम करून घेणं त्यांच्याकडं होतं. "काल सासूबाईंनी काय केलं होतं उपासाला? साबुदाण्याची खिचडी?"

"केली होती. नाही खाल्ली."

"शाब्बास! आम्ही रोज्यात पाण्याचा थेंब घेत नाही, आणि तुमच्याकडं उपास आला की दोन पदार्थ जास्तच होतात."

हेमांगीला हसू आलं, पण हसण्यापुरता श्वास शिल्लक नव्हता. चार मिनिटं जीव खाऊन पायडल मारायचं, तीन मिनिटं संथ. असे चार फेरे, आठवड्यातून तीन सकाळी, उपाशीपोटी. जेवायचं ते सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एवढ्याच वेळात. ओजसच्या जन्मानंतर तिचं वजन एकोणनव्वद किलोवर गेलं होतं, साखर सीमेवर होती आणि हृदय दर ठोक्याला जेमतेम अडतीस टक्के रक्त बाहेर फेकत होतं. निरोगी हृदय साठ टक्के फेकतं. ओजस तीन वर्षांचा होता. तो कळता होईपर्यंत आपण असलं पाहिजे, बाकी तिचं काही मागणं नव्हतं. आत्ताही काचेपलीकडे खेळणाऱ्या ओजसवर तिचा डोळा होता. सकाळपासून तो दोनदा खोकला होता.

पहिल्या दिवशी डॉ. नंदिनी मगदूम यांनी तिला सगळं समजावून सांगितलं होतं. हेमांगी रसायनशास्त्राची एम.एस्सी.; अर्धवट उत्तरावर तिचं भागत नसे.

"उपाशी शरीर स्वतःचाच केरकचरा खातं. याला स्वभक्षण म्हणतात," मगदूम बाई म्हणाल्या होत्या. "व्यायामानं ते आणखी वाढतं. पण शरीराला निवड करता येत नाही, हाताला येईल ते खातं. म्हणून आम्ही रक्तात वेचणी-कण सोडतो. एरवी ते झोपलेले असतात. साखर उतरलेली आणि नाडी चढलेली, असं दोन्ही एकदम झालं की जागे होतात आणि निकामी पेशी वेचून काढतात."

"निकामी कोण हे त्यांना कसं कळतं?"

"ज्या पेशीवर तुमची निरोगी खूण नाही, ती निकामी."

"आणि माझ्यात दुसऱ्या कुणाच्या पेशी असल्या तर?"

मगदूम बाईंना प्रश्न आवडला. "असतात ना. बाळ पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतात. काही तर दुखावलेल्या हृदयात जाऊन डागडुजी करतात. त्या वेचल्या जाऊ नयेत म्हणून प्रत्येक मुलाच्या गालाचा नमुना घेऊन त्याची खूण आम्ही राखीव यादीत घालतो. तुम्हाला मुलं किती?"

"एक," हेमांगी म्हणाली होती.

आज नवव्या आठवड्याची तपासणी होती. शेवटचा फेरा संपल्यावर मगदूम बाईंनी तिला आत बोलावलं.

"वजन सात किलोनं उतरलंय. साखर ठीक. हृदयाची फेक सत्तेचाळीस."

"सत्तेचाळीस!" हेमांगी हसून खुर्चीत बसली. मग तिनं बाईंचा चेहरा पाहिला. "काय झालं?"

"हेमांगी, मुलं किती, हे मी पुन्हा विचारते."

पडद्यावर तिच्या हृदयाची डावी भिंत होती. पहिल्या आठवड्याच्या चित्रात भिंतीवर पिवळे ठिपके दाटीवाटीनं बसले होते. आजच्या चित्रात ते निम्म्यानंही उरले नव्हते.

"या पेशी ओजसच्या असं आम्ही धरून चाललो. मग राखीव असूनही त्या कमी कशा होतायत? म्हणून खूण तपासली. त्या मुलीच्या आहेत. ओजसच्या सख्ख्या बहिणीच्या."

हेमांगीनं पडद्यावरच्या उरलेल्या ठिपक्यांवर बोट टेकवलं.

"ओजसच्या आधीची. सातव्या महिन्यात आली," ती म्हणाली. "चाळीस मिनिटं होती. आमच्याकडं म्हणतात, जिचं बारसं झालं नाही तिला मोजायचं नाही, पाठच्याला बाधतं. सासूबाईंनी बजावून सांगितलं होतं. माझा विश्वास नव्हता हो. पण ओजसला साधी सर्दी झाली तरी वाटायचं, आपण कुठं बोललो तर नाही? म्हणून कुणी विचारलं की एकच सांगते."

मगदूम बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आता घाला तिला यादीत. खूण सापडलीय ना?"

"कण शरीरात गेले की यादी बदलता येत नाही. अस्थिमज्जेत ते दीड वर्ष राहतात."

"मग मी थांबते. दीड वर्ष उपास नाही, सायकल नाही."

"थांबलात तर त्या पेशी राहतील. पण ही फेक राहणार नाही. दीड वर्षानं तुमचं हृदय पुन्हा सुरुवात करण्याच्या अवस्थेत असेल, असं मी म्हणू शकत नाही." त्यांनी पहिल्या आठवड्याचं चित्र मोठं केलं. "ओजसच्या वेळी ही भिंत फाटायला आली होती. या पेशींनी ती धरून ठेवली. आता तुमचा स्वतःचा स्नायू भरून येतोय. त्या नसल्या तरी भिंत टिकेल."

"म्हणजे आता तिची गरज नाही."

"मी असं म्हटलं नाही."

"पण तसंच आहे ना?"

मगदूम बाईंनी पडद्यावरचं चित्र बंद केलं.

हेमांगी दुसऱ्या दिवसापासून गेली नाही. दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकू लागली. पर्समध्ये राजगिऱ्याचे लाडू ठेवले. जिना एकेक पायरी थांबत चढायची, ओजस पळाला तर जागेवरूनच हाका मारायची. "सुटलं बाई ते खूळ," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्या पोळीवर जास्तीचं तूप घातलं. नवरा निरंजन मात्र तिच्याकडं बघत राहायचा. एकदा त्यानं विचारलं, "हेमा, तिचं आपण काही नाव ठरवलं होतं का गं?" ती मान हलवून आत गेली.

बाराव्या दिवशी सकाळी सात वाजता ती दूध घ्यायला फाटकाशी आली. पोटात रात्रीनंतर काही गेलेलं नव्हतं. ओजस तिच्या बगलेतून निसटला आणि कुत्र्याच्या पिल्लामागं थेट रस्त्याकडं धावला. वळणावरून विजेवरचा टेम्पो येत होता, आवाज न करता.

हाक मारायला वेळ नव्हता. हेमांगी धावली. पाच पावलांत तिच्या कानात ठोके वाजायला लागले, आणि ते ठोके कुणाला जागं करतायत हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती आणखी जोरात धावली. ओजसचा सदरा मुठीत आला तेव्हा टेम्पो दोन हातांवरून निघून गेला.

रस्त्याच्या कडेला ती त्याला पोटाशी धरून बसली. मनगटावरच्या पट्टीवर एकशे अठ्ठावन्न दिसत होते. ती आकडा उतरण्याची वाट पाहत राहिली. तो सावकाश उतरला. अकरा आठवड्यांपूर्वी एवढ्या धावण्यानं ती रस्त्यातच पडली असती.

सोमवारी सकाळी आठला ती उपाशीपोटी सायकलवर बसली. परवीनताईंनी काही विचारलं नाही, थट्टाही केली नाही. शेवटच्या फेऱ्याला फक्त तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

सहा आठवड्यांनी मगदूम बाईंनी चित्र दाखवलं. फेक चोपन्न. भिंत एकरंगी, स्वच्छ.

"एकही नाही?"

"नाही."

हेमांगीनं मान डोलावली. मग तिच्यातली एम.एस्सी. झालेली बाई म्हणाली, "तिच्या पेशी माझ्या रक्तात होत्या. त्याच रक्तावर नऊ महिने ओजस वाढला."

मगदूम बाईंनी खुर्ची तिच्याकडं वळवली. "तुम्ही विचाराल असं वाटलंच होतं. रस्ता दोन्ही बाजूंनी खुला असतो. आईत राहिलेल्या पेशी पाठच्या बाळात उतरतात. सगळ्यांत नाही, पण काहींत सापडतात. त्याच्या अंगात आपले कण नाहीत, त्यामुळं असतील तर तिथंच राहतील. गालाच्या नमुन्यात कळत नाही. बोटातलं थोडं रक्त लागेल. बघायचं?"

परवीनताईंनी ओजसला मांडीवर घेतलं आणि त्याचं बोट स्पिरिटच्या कापसानं पुसलं.

"दुखेल?" ओजसनं विचारलं.

"मुंगीएवढं."

मगदूम बाईंच्या हातातली सुई बोटापासून वीतभर अंतरावर होती. हेमांगीनं पुढं होऊन ते बोट आपल्या मुठीत घेतलं.

"राहू दे."

"हेमांगी, दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही निघालं तर मग ती कुठंच नसेल."

मगदूम बाईंनी सुई ठेवून दिली. हेमांगीनं मूठ उघडली, ओजसचं ओलं, गार बोट तोंडाजवळ धरलं आणि त्यावर फुंकर घातली.

"आई, टोचलंच नाही," ओजस म्हणाला. "फुंकर कशाला?"

ती फुंकर घालत राहिली.