तडा कुठून सुरू झाला?

शाळेचा मॉनिटर मीच फोडला, असं मी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. साक्षीदारही होते, एक-दोन नव्हे, चांगले सव्वीस. तरीही तो मी फोडलेला नव्हता, आणि हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. आता सांगा, हे कोडं सुटावं कसं?

मी राजनंदिनी ढोणे, तेव्हा सातवीत होते. सगळे मला नंदू म्हणतात. आमचं उंबरमाळ हे पवनचक्क्यांचं गाव. वारा असा की वाळत घातलेला शर्ट शोधायला शेजारच्या गावी जावं लागतं. चंद्रावर माणसं राहू लागून तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि चांद्रशाळा केंद्राने काही शाळांना एक भारी काम दिलं होतं. चंद्रावर मुंगळा नावाची एक सहाचाकी गाडी फिरायची. दर गुरुवारी अर्धा तास ती आमच्या शाळेने चालवायची. तिने पाठवलेलं चित्र केंद्राच्या खास मॉनिटरवर दिसायचं, आणि गाडीची चालक होते मी. रीतसर परीक्षा देऊन झाले होते. बर्गे सरांनी त्यासाठी चार रविवार घरी येऊन माझी तयारी करून घेतली होती.

त्या गुरुवारी मुंगळ्याचं चित्र अडकलं. आपण दिलेली आज्ञा चंद्रावर पोचून तिथलं चित्र परत यायला अडीच सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो, हे मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि धीर धरणं वेगळं. मी मॉनिटरच्या उजव्या बाजूला सणसणीत चापट मारली. आमच्या घरचा जुना टीव्ही असाच वठणीवर येतो. चित्र सुरू झालं, सगळा वर्ग हसला, मीही हसले.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. म्हणून त्याच गुरुवारी तास संपल्यावर आम्ही शाळेतल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. मॉनिटरला हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, पुढे पाच पणत्या लावल्या. पेढे खाल्ले आणि घरी पळालो.

शनिवारी शाळा उघडली, तेव्हा मॉनिटरला खालपासून वरपर्यंत तडा गेला होता. चालू केल्यावर नुसता काळा डाग आणि रंगीत रेघा.

"कुणी केलं हे?" बर्गे सरांनी विचारलं.

फक्त पंचवीस माना माझ्याकडे वळल्या.

"मी केलं, सर," मी म्हणाले आणि रडायला लागले. "मी चापट मारली होती."

केंद्राचा नियम कडक होता. वापरणाऱ्याच्या आदळआपटीने मॉनिटर फुटला, तर त्या शाळेचा गुरुवार दुसऱ्या शाळेला जायचा. म्हणजे माझ्या एका चापटीपायी सगळ्या शाळेचा चंद्र हातचा जाणार होता. सर मला रागावले नाहीत. खाली मान घालून त्यांनी केंद्राला कळवलं, 'चालकाने मारल्यामुळे मॉनिटर फुटला.' रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

मंगळवारी तपासणीला केंद्राचा यंत्रमानव आला. तोही एसटीने! कंबरेएवढा उंच, चाकांवर चालणारा, आणि एका डोळ्याच्या जागी हे एवढं मोठं भिंग. पोरांनी फाटकातच त्याचं नाव भिंगोजी ठेवून टाकलं.

"मॉनिटर मी फोडला," मी आपण होऊन त्याला सांगितलं. एकदाचं संपवून टाकायचं होतं मला.

"तू काय केलंस ते सांग. काय फोडलंस ते आपण काचेला विचारू," भिंगोजी म्हणाला.

"मी चापट मारली आणि तो फुटला."

"चापट मारलीस तेव्हा फुटला?"

"तेव्हा नाही. नंतर."

"नंतर म्हणजे त्यामुळेच का? तू सकाळी दात घासतेस आणि नंतर शाळेची घंटा होते. मग घंटा तुझ्या दात घासण्यामुळे होते का गं?"

मुलं खिदळली. मला हसू आलं नाही, पण तीन दिवसांत पहिल्यांदाच नीट श्वास घेता आला.

भिंगोजीने आपलं भिंग मॉनिटरच्या उजव्या कडेपासून फिरवायला सुरुवात केली. जे दिसेल ते तो शेजारच्या भिंतीवर मोठं करून दाखवत होता. "काचेला फटका बसला की तिथे आघातबिंदू (नेमका फटका बसलेली जागा) तयार होतो," तो म्हणाला. "तिथे काचेचा चुरा होतो आणि तिथूनच चारी बाजूंना तडे पसरतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे. शोधा बरं असा बिंदू."

आम्ही डोळे फाडफाडून बघितलं. उजव्या बाजूला काही नव्हतं. कुठेच काही नव्हतं.

"आता तडा कुठून सुरू झालाय ते बघा."

तडा एकच होता. तो काचेच्या खालच्या कडेपासून निघाला होता. सुरुवातीला कडेशी अगदी काटकोन करून सरळ, आणि पुढे ओढ्यासारखा वळणं घेत वर गेलेला.

"असा तडा बहुधा उष्णतेने जातो," भिंगोजी म्हणाला.

"बहुधा?" सरांनी विचारलं. ते इतका वेळ मागे उभे होते.

"बहुधा, सर. आणखी पुरावा मिळेपर्यंत मी बहुधाच म्हणतो."

"पण उष्णतेने काच कशी फुटंल?" आमच्या वर्गातला शंभू म्हणाला. "काच तर भट्टीत करत्यात!"

"चहाचा काचेचा ग्लास कधी तडकला नाही का तुमच्या घरी?"

"तडकतो की! एकदम उकळता च्या वतला की."

"का तडकतो, ते आता तुम्हीच करून दाखवा," म्हणत भिंगोजीने आम्हाला मैदानात नेलं. एकामागे एक अशा दोन रांगा केल्या. रांगेतल्या मुलांनी शेजाऱ्याचा हात धरायचा, आणि दोन्ही रांगा एकमेकींना ओढण्यांनी बांधलेल्या. "तुम्ही सगळे मिळून एक काच आहात. मागची रांग म्हणजे काचेचा मधला भाग, पुढची रांग म्हणजे कड. आता मागची रांग तापली! तापलेल्या वस्तूचं प्रसरण होतं (ती थोडी फुगते, जास्त जागा घेते). पसरा!"

मागची रांग हात लांबवून पसरू लागली. पुढच्या रांगेला कुणीच काही सांगितलं नव्हतं, पण ओढण्यांमुळे तीही खेचली जाऊ लागली. हात ताणले, खांदे ताणले, "आई गं!" म्हणून ओरडाआरडा झाला, आणि फट्‌दिशी पुढच्या रांगेतल्या मेहरून आणि शंभूचे हात सुटले.

"याचा हात घामेजलाय!" मेहरून म्हणाली.

"अगदी बरोबर. पकड ढिली होती तिथेच सुटलं," भिंगोजी म्हणाला. "काच कापताना तिच्या कडेला बारीक बारीक खाचा राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण तिथे पकड ढिली असते. काचेचा मधला भाग तापून पसरू बघतो. चौकटीत दडलेली कड थंडच राहते, तिला पसरायचं नसतं. मग तिच्यावर ताण येतो (दोन्हीकडून ओढ बसते), आणि एखाद्या खाचेपासून तडा सुरू होतो. कुणी बोटसुद्धा लावायला नको."

मला सगळं लख्ख कळलं. काच दगडासारखी गप्प बसलेली वाटते, पण आत तिची ओढाताण चालू असते.

वर्गात परत आल्यावर भिंगोजीने मॉनिटरचा खालचा भाग एका पांढऱ्या कापडाने पुसला. कापड काळं झालं. "काजळी," तो म्हणाला. "गुरुवारी या काचेजवळ गरम काय होतं?"

मला माहीत होतं. काडेपेटी माझ्याच हातात होती. सरांनी पणत्या आधी चांगल्या लांब ठेवल्या होत्या, पण खिडकीतून वारा आला आणि त्या विझल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा विझल्या. तिसऱ्यांदा सरांनी त्या काचेच्या आडोशाला, अगदी चिकटवून ठेवल्या. एक शब्द बोलले असते तर मी सुटले असते. पण ते चार रविवार आठवले आणि माझी जीभच उचलेना. मी फरशीकडे बघत राहिले.

"पणत्या," बर्गे सर म्हणाले. "मी ठेवल्या होत्या. वाऱ्याने विझत होत्या म्हणून मीच काचेला लावून ठेवल्या." मग ते सगळ्या वर्गासमोर माझ्याकडे वळले. "नंदू, मी चुकलो. तू कबूल केलंस आणि मी लगेच विश्वास ठेवला. काचेकडे एकदा नीट बघावं, एवढंही मला सुचलं नाही. मला माफ कर, बाळा."

मोठ्या माणसाने, तेही सरांनी, माझी माफी मागितलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला इतकं रडू आलं की मॉनिटर फुटला तेव्हाही तेवढं आलं नव्हतं.

"पण चापट तर मी मारलीच होती," मी नाक पुसत म्हणाले.

"मारलीस, आणि ते वाईटच केलंस," भिंगोजी म्हणाला. "पुन्हा करू नकोस. पण त्या चुकीसाठी या तड्याची शिक्षा घ्यायची नाही."

मग तो आपला अर्ज भरायला बसला. अर्जात दोनच चौकटी होत्या, 'वापरणाऱ्यामुळे' आणि 'आपोआप'. भिंगोजीचं भिंग बराच वेळ दोन्हींवरून फिरत राहिलं. शेवटी त्याने दोन्ही रिकाम्या ठेवल्या आणि खाली लिहिलं, 'आदळआपट झालेली नाही. पणत्यांच्या उष्णतेने काच तडकली. पणत्या ठेवणाऱ्यांनी स्वतःहून सांगितलं.'

"गुरुवार राहील ना आमचा?" मी विचारलं.

"ते केंद्र ठरवेल. मी फक्त जे घडलं ते सांगतो," तो म्हणाला आणि चारच्या एसटीने गेला. सगळी शाळा त्याला फाटकापर्यंत सोडायला आली होती. निघताना मी त्याचा गार पत्र्याचा हात धरून ठेवला. त्याचे आभार कसे मानायचे, हे मला सुचेना. सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असताना हा एकटा आधी काचेकडे बघायला आला होता. आजही कुणावर आळ आला की मला तो आठवतो, आणि मी तोंड उघडण्याआधी दहादा बघते.

एक गुरुवार मुंगळ्याविना गेला. दुसऱ्या बुधवारी नवा मॉनिटर आला. माहितीपुस्तिकेत एक ओळ नव्याने छापली होती, 'पूजेचे दिवे पडद्यापासून दोन हात लांब ठेवावेत.' ही ओळ आमच्यामुळे आली म्हणून आम्ही मिरवून घेतलं. सोबतच्या पत्रात मात्र एवढंच होतं, 'उद्याची फेरी घ्यावी. पुढचं नंतर कळवू.'

म्हणजे हा कदाचित आमचा शेवटचा गुरुवार होता. मी मुंगळा अगदी हळू चालवत होते. एका उतारावर एक मोठा दगड दिसला, मधोमध दुभंगलेला.

"ह्यो कुणी फोडला?" शंभू ओरडला.

"उल्का आदळली असेल," सर म्हणाले, आणि लगेच थांबले. "नाही. नंदू, जवळ ने. आधी बघू."

मी मुंगळ्याला दगडाभोवती फिरवलं. मारा झाल्याचा खड्डा कुठे दिसेना, चुरा दिसेना. तडा कडेवरून निघून वळणं घेत गेला होता. चंद्रावर दिवसा उकळत्या पाण्याहून जास्त ताप आणि रात्री बर्फाहून कितीतरी जास्त गारठा. दगडाचीसुद्धा आतून ओढाताण होतच असणार! मी नोंदवहीत लिहिलं, 'बहुधा उन्हाने. खात्री करायला आणखी पुष्कळ दगड बघावे लागतील.' आणि पाठवून दिलं.

अर्धा तास संपत आला, तेव्हा पडद्यावर केंद्राचं उत्तर उमटलं. सरांनी ते मोठ्याने वाचलं.

"बघा की. पुढचे सगळे गुरुवार तुमचेच आहेत."