कोटाच्या कापडाचा भाता

तर झालं असं, की झिपऱ्याकडे फिल्मचा एकच तुकडा उरला होता आणि ताई चार दिवसांनी कायमची परदेशी निघाली होती. बाबा गेल्यापासून सहा वर्षं आई कॅमेऱ्यासमोर बसली नव्हती. ताईसाठी या एका फोटोला ती कशीबशी हो म्हणाली. आणि नेमका झिपऱ्याच्या लाकडी कॅमेऱ्याचा भाता उंदरांनी कुरतडला. भाता म्हणजे पुढचं भिंग आणि मागची काच यांच्यामधला घड्याघड्यांचा कापडी बोगदा. त्यात कणभर उजेड शिरला की फिल्म वाया.

झिपऱ्या पडला हट्टी. घरीच शिवायला बसला. छत्रीचं कापड घेतलं, आत बल्ब सोडून जिन्याखालच्या अंधाऱ्या कोठडीत पाहिलं, तर नुसती चाळण. पडद्याच्या कापडानं उजेड अडवला, पण मिटल्यावर भाता उशीएवढा. कोपऱ्यावरचे शिंपीकाका म्हणाले, तुला विणीला घट्ट आणि अंगाला पातळ हवंय, असं हल्ली कोण विणतं?

असं कापड घरातच होतं. आईच्या कपाटात, तळाशी, बाबांचा काळा कोट. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून यानं विचारलंच नाही. पुढचा डावा भाग कापला. रिकामा खिसा मध्ये येत होता, तो आतल्या बाजूला घेऊन तोंड शिवून टाकलं.

कोठडीत बल्ब लावला. एक ठिपका नाही. खूश होऊन त्यानं बल्ब बंद केला, आणि तेव्हा घडीतून उजेड आला. बारीक, पिवळट, कोणी दार किलकिलं केल्यासारखा. त्यानं बल्ब बाहेर काढला. उजेड तसाच. तिथं काळा रंग फासला, तर उजेड शेजारच्या घडीत. ताईला बोलावलं, तर काहीच नाही.

"तीन दिवस झोपला नाहीस," ताई म्हणाली. "आता उंदीरही बोलायला लागतील तुझ्याशी."

त्यालाही तसंच वाटलं. वाटून घेतलं म्हणा.

दुपारी चारला आई खुर्चीत बसली, ताई शेजारी उभी राहिली. झिपऱ्यानं डोक्यावर काळं फडकं ओढलं. मागच्या काचेवर चित्र उलटं पडतं, हे त्याला लहानपणापासून माहीत. खुर्ची वर, ताईचं डोकं खाली. बरोबर.

खुर्चीमागे एक जण सरळ उभा होता.

त्यानं डोकं बाहेर काढलं. खुर्चीमागे भिंत. परत आत घातलं. सरळ उभा.

काही सुचेना म्हणून त्यानं भिंगावर झाकण बसवलं. ताई गेली. आई गेली. खुर्ची गेली.

तो राहिला.

"होतंय का रे?" ताईनं विचारलं.

तेवढ्यात आई बोलली. मान हलवली नाही, आवाजही चढवला नाही.

"त्यांचा डावा हात खिशात आहे का?"

झिपऱ्यानं काचेवर पाहिलं. "आहे."

"मग काढ फोटो."

त्यानं काचेच्या जागी फिल्म सरकवली आणि झाकणाकडे एक हात नेला. दुसरा, कॅमेरा हलू नये म्हणून, भात्याखाली धरला. कापडातून त्याच्या तळव्याला तो शिवलेला खिसा लागला.

खिसा भरलेला होता.