उताणं इरलं

वर तंबू, खाली ताडपत्री, तरी पाहुण्याला ओल लागत होती. कुठून येत होती ही ओल?

पाहुणा साधासुधा नव्हता. लुम दूरच्या कोरड्या ग्रहावरून आला होता. मांजराच्या पिल्लाएवढा, काडीसारख्या तीन पायांचा. त्याच्या अंगात निळसर उजेड होता. ओल लागली की तो मंदावत जाई, आणि एकदा विझला की पुन्हा पेटत नसे. त्याला सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या कातळावर) उतरवून यान वर गेलं आणि धुकं दाटलं. आता ते विरेपर्यंत यान येणार नव्हतं.

शाल्मली आणि तिचे आजोबा सड्यावरची फुलं बघायला आले होते. आजोबा पदार्थवैज्ञानिक, म्हणजे कुठली वस्तू कशी वागते हे शोधणारे. लुमला त्यांनीच तंबूत घेतलं आणि त्याचं बोलणं कळावं म्हणून अनुवादक यंत्र लावलं.

"मी चर खणते!" शाल्मली म्हणाली. वाडीत मांडव घातला की सभोवार चर खणतात, मग पाणी आत शिरत नाही. तिने खुरपं चालवलं. चर बघता बघता भरला आणि पाणी तंबूतच आलं. लुम आणखी फिकटला.

"अगं शहाणे, अंगणाला उतार असतो. इथे खाली कातळ, वर वीतभर माती. पाणी जाईल कुठे? ही दलदल (पाण्याने भरलेली मऊ जमीन) म्हणजे भिजलेला स्पंज. तू त्यात पाण्याला हौद करून दिलास!" आजोबांनी चर बुजवला. "आणि ताडपत्री तंबूबाहेर डोकावतेय बघ. छपरावरचं पाणी तिच्यावर पडतं आणि थेट आत."

शाल्मलीने कडा आत दुमडल्या. ओघळ थांबले, पण लुमच्या काडीसारख्या पायांखाली खळगा पडून त्यात ओल साचत होती.

"चिखलात बोट दाब. आता तळवा ठेव," आजोबा म्हणाले.

बोट रुतलं, तळवा वरच राहिला.

"जोर तोच, पण तळव्याखाली तो जास्त जागेवर वाटला गेला. म्हणून दाब (ठरावीक जागेवर पडणारा जोर) कमी झाला. शिवाय गार जमीन ऊब ओढून घेते. मधे हवा अडवून ठेवली, तर ती उष्णतारोधक (ऊब सहज पलीकडे जाऊ न देणारी) होते."

"गादी आणायला हवी होती."

"चढावर जड होते म्हणून खाली ठेवली कोणी?"

शाल्मली तंबूत इकडेतिकडे शोधू लागली. रुंद हवं, हलकं हवं, हवा धरून ठेवणारं हवं. तंबूच्या दारात तिचं इरलं पडलं होतं. कामट्यांच्या दोन जाळ्या, मधे पानांचे थर. पावसात ते डोक्यावरून पाठीवर घ्यायचं. 'मी कासव दिसते' म्हणून ती वाटभर कुरकुरली होती.

"आजोबा, हे उताणं घातलं तर?"

आजोबांना हे सुचलंच नव्हतं. "घालून बघ."

तिने इरलं झटकलं, पुसलं, उताणं घातलं आणि लुमला त्याच्या खोलगट भागात ठेवलं. ताडपत्रीखाली चिखल होता, तरी इरलं होडीसारखं स्थिर राहिलं. लुम अजून फिकाच होता, तिला रडू येत होतं. मग कंदिलाची वात वर सरकवावी तसा लुमचा उजेड हळूहळू वाढला. तंबू निळा झाला, बाहेरचं धुकं निळं झालं, आणि गवतातली सीतेची आसवं नावाची चिमुकली जांभळी फुलंही उजळली.

आजोबांच्या अनुवादक यंत्रातून लुमचा बारीक आवाज आला. "आमच्याकडचा बर्फ वितळतोय. जमीन ओली होतेय. बसायचं कशावर, हेच शोधायला मी आलो होतो."

धुकं विरलं, यान उतरलं. शाल्मलीने इरलं लुमलाच दिलं.

"एक पुरेल?" तिने विचारलं.

"आम्ही खूप जण आहोत. मी परत येईन."

उतरताना पाऊस आला. शाल्मली चिंब भिजली, पण या वेळी कुरकुरली नाही.

"आजोबा, इरलं विणायला किती दिवसांत येतं?"

"का गं?"

"तो परत यायच्या आत मला विणता यायला हवं."